विमान चालविण्याचा पहिला परवाना मिळविणारे जे. आर. डी. टाटा



या वेळी भित्तिपत्रकात थोर व्यक्तीचे चरित्र लिहिण्याची पाळी माझी आहे. गांधीजी, सावित्रीबाई, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि तुकडोजी महाराज आधीच होऊन गेले. म्हणून मी गुरुजींना जे. आर. डी. टाटा यांचे नाव सांगितले. हे नाव मला कसं सुचलं ते आधी सांगते.

रोवणीच्या दिवसांत मी आईसोबत बांधीवर गेली होती. बाया वाकून रोवणी करत होत्या. तेवढ्यात डोक्यावरून एक लहानसं विमान घरघर करत गेलं. सगळ्या बाया कंबर सरळ करून वर बघू लागल्या. मी आईला विचारलं की हे विमान कोण चालवतं आणि त्याला चालवायला कोण देतं. आईला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी सांगितलं की गोंदियाजवळ बिरसी येथे विमानतळ आहे आणि तिथे वैमानिक तयार करतात. ते विमान तिथलं असू शकेल. गोंदिया पूर्वी आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं, १९९९ साली तो वेगळा जिल्हा झाला. विमान चालवायला परवाना लागतो, आणि भारतात असा पहिला परवाना जे. आर. डी. टाटा यांना मिळाला, हेही गुरुजींनीच सांगितलं. मग त्यांनी मला वाचायला पुस्तक दिलं. त्यातून आणि गुरुजींना विचारून मी हे लिहिलं आहे.

जन्म व बालपण

जे. आर. डी. टाटा यांचे पूर्ण नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा असे होते. त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी फ्रान्स देशातील पॅरिस शहरात झाला. त्यांचे वडील पारशी होते आणि आई फ्रेंच होती. आईचे नाव सुझान होते, लग्नानंतर ते सूनी झाले. घरात जहांगीरला सगळे जे म्हणत.

टाटा घराण्याचे नाव आपल्या विदर्भाला नवीन नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली जमशेदजी टाटा यांनी सुरू केली होती. ती मिल आता बंद झाली आहे. जहांगीरचे वडील रतनजी हे त्याच जमशेदजींच्या नात्यातले होते आणि त्यांच्या कारभारात भागीदार होते.

जहांगीरची शाळा एका ठिकाणी झालीच नाही. कधी पॅरिस, कधी मुंबई, तर कधी जपानमधील योकोहामा. आपल्याला शाळा बदलून तुमसरला जायचं म्हटलं तरी रडू येतं. त्याला तर देश बदलावा लागे. भाषाही बदलत असे. १९२३ साली त्याची आई वारली. पुढे त्याला इंग्लंडमध्ये इंजिनियर व्हायला शिकायचे होते. परंतु वडिलांनी त्याला मुंबईला बोलावून घेतले. १९२५ साली तो बिनपगारी उमेदवार म्हणून टाटांच्या कचेरीत काम शिकू लागला. दुसऱ्याच वर्षी वडीलही वारले. जहांगीर तेव्हा बावीस वर्षांचा होता. कॉलेजची पदवी मिळाली नाही याची खंत त्यांना जन्मभर वाटत राहिली.

विमानाची आवड

फ्रान्समध्ये समुद्रकिनारी आर्देलो नावाचे गाव आहे. टाटा कुटुंब सुटीत तिथे राहायला जाई. तिथेच लुई ब्लेरिओ यांचेही घर होते. हे ब्लेरिओ म्हणजे १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी पार करणारे पहिले मनुष्य. तिथल्या वाळूवर विमाने उतरत आणि पोरं धावत बघायला जात. जहांगीर त्या पोरांत असे. पंधरा वर्षांचा असताना तो तिथेच पहिल्यांदा विमानात बसला. थोडाच वेळ तो वर होता. पण आपण वैमानिक व्हायचेच, हे त्याने त्या दिवशी मनात धरले.

मात्र त्यासाठी त्याला पुष्कळ वर्षे वाट पहावी लागली. कारण भारतात तेव्हा विमान शिकवणारेच कोणी नव्हते. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय यांच्यासारखे भारतीय तरुण विमान चालवीत होते, परंतु ते इंग्लंडच्या सैन्यात होते आणि तिकडेच शिकले होते. आपल्या देशात राहून शिकायची सोय नव्हती.

परवाना क्रमांक १

मग मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला. जुहू येथे विमाने उडू लागली. जे. आर. डी. लगेच तिथे शिकायला गेले. ते तेव्हा चोवीस वर्षांचे होते. आधी शिक्षकाबरोबर बसून आणि मग एकट्याने, असे ते शिकले. परीक्षा झाली आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेने तो दिला. निळ्या व सोनेरी रंगाचे ते लहानसे पुस्तक होते. त्यावर क्रमांक होता १. म्हणजे भारतात दिलेला हा वैमानिकाचा पहिला परवाना.

मला आधी वाटलं की क्रमांक एक म्हणजे शर्यतीतला पहिला नंबर. त्यात एवढं काय? पण गुरुजींनी समजावलं की परवाना म्हणजे बक्षीस नव्हे. बक्षीस एकदा मिळालं की आपलंच राहतं. परवाना मात्र जपावा लागतो. त्यात लिहिलेलं असतं की या माणसाला काय येतं. जे त्यात लिहिलेलं नाही ते त्याने करायचं नसतं. हे मला फार पटलं, म्हणून परवान्याची माहिती मी इथे वेगळी देते.

परवाना म्हणजे काय

आजच्या काळात भारतात वैमानिकाचा परवाना दिल्लीचे नागरी विमानचालन महासंचालनालय देते. मोठे लोक त्याला डीजीसीए म्हणतात. आपण जसे पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जातो, तसेच परवान्याचे आहे.

पहिला असतो विद्यार्थी परवाना. तो वयाच्या १६ व्या वर्षी मिळू शकतो. त्यावर शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकायचे असते. कोणाला सोबत फिरवायचे नसते.

दुसरा असतो खाजगी परवाना. त्याला १७ वर्षे वय आणि निदान ४० तासांचे उड्डाण लागते. या परवान्यावर माणूस विमान उडवू शकतो, पण त्याचे पैसे घेऊ शकत नाही.

तिसरा असतो व्यावसायिक परवाना. त्याला १८ वर्षे वय आणि २०० तास लागतात. हा मिळाला की विमान चालवून पगार घेता येतो.

सगळ्यात वरचा परवाना एअरलाइनच्या मोठ्या विमानाचा कॅप्टन होण्यासाठी असतो. त्याला २१ वर्षे वय आणि १५०० तास लागतात. मी हिशेब केला. आपली शाळा रोज सहा तास धरली, तर १५०० तास म्हणजे शाळेचे २५० दिवस. तेवढा वेळ आकाशातच!

प्रत्येक परवान्याच्या आधी डोळे, कान आणि सगळ्या शरीराची तपासणी होते. ती ठराविक काळाने पुन्हा करावी लागते. हवामान, नकाशा आणि दिशा, विमानाचे यंत्र आणि आकाशातले नियम यांची लेखी परीक्षा असते. आकाशात पाट्या नसतात, तरी नियम असतात, हे मला माहीतच नव्हतं. रेडिओवर बोलण्याचासुद्धा वेगळा परवाना असतो.

परवान्यावर आणखी नोंदी होतात. त्यांना रेटिंग म्हणतात. ढगात शिरल्यावर बाहेरचे काही दिसत नाही, तेव्हा फक्त समोरची घड्याळे आणि काटे बघून विमान चालवावे लागते. हे ज्याला येते त्याला त्याचे रेटिंग मिळते. दुसऱ्याला शिकवायचे असेल तर शिक्षकाचे रेटिंग लागते. आणि मोठ्या विमानांत तर प्रत्येक जातीचे रेटिंग वेगळे. एका जातीचे विमान चालवणारा उठून दुसऱ्या जातीच्या विमानात बसू शकत नाही. त्याला ते विमान नव्याने शिकावे लागते, परीक्षा द्यावी लागते. ते विमान त्याच्या परवान्यावर चढले, म्हणजे लिहिले गेले, तरच तो ते चालवू शकतो.

एवढं करूनही संपत नाही. प्रवासी घेऊन उडायचे असेल तर मागच्या ९० दिवसांत त्या वैमानिकाने निदान तीनदा विमान वर नेलेले आणि तीनदा खाली उतरवलेले असावे लागते. हात विसरला तर मागे बसलेल्यांचा जीव जातो, म्हणून हा नियम आहे.

मुलींनो, हे फक्त मुलांसाठी आहे असं समजू नका. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या एका फोकर विमानात सगळ्या महिलाच होत्या, वैमानिकही आणि बाकीच्याही. त्याच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख होत्या.

हरलेली शर्यत

आता पुन्हा जे. आर. डी. यांच्याकडे येते. आगाखान यांनी १९३० सालासाठी एक बक्षीस लावले. जो भारतीय एकट्याने विमान चालवून इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास सर्वांत आधी पूर्ण करील, त्याला ते बक्षीस होते. जे. आर. डी. कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून इकडे निघाला.

वाटेत इजिप्त देशात अबुकीर नावाच्या ठिकाणी दोघांची भेट झाली. अस्पी तिथे अडकून पडला होता. त्याच्या विमानाला स्पार्क प्लग पाहिजे होता आणि तो तिथे मिळत नव्हता. प्लग छोटासा असतो, पण तो खराब असला की ट्रॅक्टरसुद्धा चालू होत नाही असं मला वाटत होतं. बाबांनी सांगितलं की प्लग मोटारसायकलला असतो, डिझेलच्या ट्रॅक्टरला नसतो. जे. आर. डी. यांच्याजवळ जास्तीचे प्लग होते. समोर उभा असलेला मुलगा शर्यतीत आपल्या विरुद्ध आहे हे त्यांना माहीत होते. तरी त्यांनी आपला प्लग त्याला दिला. मग दोघे आपापल्या दिशेने निघून गेले.

अस्पी काही तास आधी पोहोचला आणि बक्षीस त्याला मिळाले. जे. आर. डी. हरले. ज्यांच्याजवळ परवाना क्रमांक १ होता, त्यांचा शर्यतीत दुसरा नंबर आला. परंतु त्यांनी त्याचे वाईट वाटून घेतले नाही. हाच अस्पी पुढे आपल्या वायुसेनेचा प्रमुख झाला. आमच्या वर्गात कोणी पेन्सिलसुद्धा लवकर देत नाही, हे मला ही गोष्ट वाचताना आठवलं. मीसुद्धा देत नाही.

टपालाचे विमान

त्या काळी इंग्लंडहून येणारे टपाल विमानाने कराचीपर्यंत येई. पुढे ते रेल्वेने जाई आणि त्याला फार दिवस लागत. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे एक वैमानिक होते. कराचीपासून पुढे विमानाने टपाल न्यावे, ही कल्पना त्यांनी मांडली. जे. आर. डी. यांना ती आवडली. पण सरकारकडून मंजुरी मिळायला वर्षे गेली.

अखेर १५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस उजाडला. जे. आर. डी. सकाळीच कराचीहून निघाले. विमान होते पस मॉथ. त्याला एकच इंजिन होते. आत टपालाच्या पिशव्या होत्या, सुमारे २५ किलोच्या. म्हणजे धानाच्या अर्ध्या पोत्याहूनही कमी. विमानात रेडिओ नव्हता. खाली वाट दाखवणारे कोणी नव्हते. ते अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोलचे डबे चक्क बैलबंडीतून आले! ते भरून दुपारी ते मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. मद्रासला आता चेन्नई म्हणतात.

जुहूचे मैदान तेव्हा समुद्राकाठचे मातीचे होते. पावसाळ्यात तिथे चिखल होई, आपल्या बांधीत होतो तसा. मग विमाने पुण्याला येरवड्याच्या मैदानावरून उडत. अशा रीतीने भारताची पहिली विमान कंपनी सुरू झाली.

एअर इंडिया

१९३८ साली जे. आर. डी. टाटांच्या सर्व उद्योगांचे प्रमुख झाले. ते तेव्हा जवळपास चौतीस वर्षांचे होते. विमान कंपनी वाढत गेली. १९४६ साली तिचे नाव एअर इंडिया झाले. ८ जून १९४८ रोजी तिचे मलबार प्रिन्सेस नावाचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. त्यात जे. आर. डी. स्वतः बसले होते.

१९५३ साली सरकारने विमान कंपन्या आपल्या ताब्यात घेतल्या. जे. आर. डी. यांना ते आवडले नव्हते. तरी सरकारने अध्यक्ष होण्यास सांगितले तेव्हा त्यांनी ते काम मान्य केले आणि १९७८ पर्यंत केले. प्रवास करताना ते स्वस्थ बसत नसत. पडदे स्वच्छ आहेत का, चहा बरोबर आहे का, संडास साफ आहे का, हे सगळे ते स्वतः बघत आणि लिहून ठेवत. पुढे २०२२ साली एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. पण ते पाहायला जे. आर. डी. नव्हते.

म्हातारपणचे उड्डाण आणि शेवट

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी त्या पहिल्या टपालाच्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली. जे. आर. डी. तेव्हा ७८ वर्षांचे होते. त्यांनी लेपर्ड मॉथ नावाचे जुन्या जातीचे एका इंजिनाचे विमान घेतले आणि कराचीहून मुंबईला स्वतः चालवीत आणले. माझे आबाजी ७० वर्षांचे आहेत. ते सायकलसुद्धा आता चालवत नाहीत.

१९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा शहरात त्यांचे निधन झाले. पॅरिस येथे त्यांना पुरण्यात आले. त्यांच्या पत्नीचे नाव थेल्मा होते. त्यांना मूलबाळ नव्हते.

आमच्या घरची गोष्ट

चरित्र इथे संपले. पण मला आणखी थोडं लिहायचं आहे. बाबांना विचारूनच लिहीत आहे.

बाबांजवळ गाडीचा परवाना आहे. मी तो कपाटातून काढून पाहिला. त्यावर फक्त मोटारसायकल लिहिलेली आहे. ट्रॅक्टर लिहिलेला नाही. तरी बाबा वावरात दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवायचे. गावात कोणी कोणाला विचारत नाही. मागच्या वर्षी पावसाळ्यात रोवणीच्या बायांना ट्रॉलीत बसवून ते निघाले. नाल्याच्या उतारावर ट्रॉली घसरली आणि एका अंगाला कलंडली. माझ्या काकूचा हात मोडला. दीड महिना प्लास्टर होतं. तिची रोवणीची मजुरी बुडाली. मी पण त्या ट्रॉलीत होती. मला लागलं नाही, पण अजून तो नाला आला की मी आईचा हात धरते.

बाबांना ट्रॅक्टर चालवता येत नव्हता असं नाही. सरळ रस्त्याने ते छान चालवायचे. पण भरलेली ट्रॉली उतारावर कशी आवरायची हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि त्याची परीक्षाही कोणी घेतली नव्हती. शिवाय ट्रॉली सामानासाठी असते, माणसांसाठी नसते. जे. आर. डी. यांचं पुस्तक वाचलं तेव्हा मला कळलं की परवान्यावर वेगवेगळी नोंद का करतात. पोलिसांनी पकडू नये म्हणून नव्हे. मागे बसलेल्या माणसांसाठी.

रात्री जेवताना मी ही सगळी माहिती बाबांना वाचून दाखवली. बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं ते रागावले. काकू पण तिथेच बसली होती, तीही गप्प होती. पंधरा दिवसांनी बाबा भंडाऱ्याला परिवहन कार्यालयात जाऊन आले. त्यांनी ट्रॅक्टरचा शिकाऊ परवाना काढला. तिथे त्यांना परीक्षा द्यावी लागली. आता चालवून दाखवायची परीक्षा बाकी आहे. तोपर्यंत बाया ट्रॉलीत बसत नाहीत, बांधीवर पायी जातात. हे भित्तिपत्रकात लिहू का असं मी बाबांना विचारलं. त्यांनी थोडा विचार करून हो म्हटलं.

पालकांनो, तुम्हीसुद्धा घरी गेल्यावर आपला परवाना एकदा काढून बघा. त्याची तारीख बघा आणि त्यावर काय काय लिहिलं आहे तेही बघा. ज्यांचा क्रमांक १ होता त्यांनासुद्धा आधी शिकावं लागलं होतं.

मला मोठेपणी वैमानिक व्हायचं आहे की नाही हे मी अजून ठरवलं नाही. सोळा वर्षांची व्हायला मला सहा वर्षे आहेत. पण रोवणीच्या वेळी विमान गेलं की मी आता बायांना सांगते की ते चालवणाऱ्याजवळ कोणता परवाना असेल.

अशा या थोर वैमानिकास माझे विनम्र अभिवादन.

इयत्ता ४ थी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, नाकाडोंगरी,
ता. तुमसर, जि. भंडारा